गटाच्या प्रोजेक्टमध्ये आपले म्हणणे मांडायचे कसे

शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थ्यांचा एक गट आहे. त्यांनी घेतलेला विषय म्हणजे जमिनीतील ओलावा मोजून ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारी यंत्रणा. अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा विषय दर वर्षी कोणी ना कोणी घेतेच. बैठकीत दोघे अखंड बोलतात, तिसरा मान डोलावतो आणि चौथा, जो डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला आहे आणि ज्याच्या घरी खरोखरच काळी जमीन व विहीर आहे, तो वहीच्या कोपऱ्यात रेघोट्या मारत बसतो. दोन महिन्यांनी मॉडेल तयार होते. रिव्ह्यूला आलेले परीक्षक एकच प्रश्न विचारतात, "सेन्सरने पाणी मागितले त्या वेळी शेतात लाइटच नसेल, तर तुमची यंत्रणा काय करणार?" चौघेही खाली पाहतात. त्यांतील एकाला हा प्रश्न पहिल्या दिवसापासून माहीत होता, कारण एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची लाइट या हिशेबाने दारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, तो स्वतः गेलेला आहे.

हा गट कोणत्याही एका महाविद्यालयाचा नाही. प्रोजेक्ट गाइड म्हणून काम करताना असे गट मी थोड्याफार फरकाने अनेकदा पाहिले, आणि दर वेळी गप्प राहिलेल्या विद्यार्थ्याचे स्पष्टीकरण एकाच साच्याचे असते: "सर, मला वाटले की त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते." पुढील मार्गदर्शन अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. आधी आत्मविश्वास कमवावा आणि मग बोलावे, हा क्रम मला चुकीचा वाटतो. बोलणे हे तयारीचे आणि थोड्याशा व्यवस्थेचे काम आहे. आत्मविश्वास आला तर तो बहुधा त्यानंतर येतो.

गप्प बसण्याचे कारण आधी वेगळे काढावे

"मला आत्मविश्वास नाही" हे वाक्य फार ऐसपैस आहे; त्यात काहीही मावते. म्हणून एखाद्या बैठकीनंतर लगेच, आठवण ताजी असताना, आपण नेमके कोणत्या क्षणी गप्प राहिलो आणि का, हे दोन ओळींत लिहून काढावे. पुष्कळदा असे दिसते की चर्चा कळलीच नव्हती, कारण कोडचा तो भाग आपण पाहिलेलाच नव्हता. कधी मुद्दा कळलेला असतो, पण बोलणे इंग्रजीत चाललेले असते आणि वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे निघून जातो. कधी हसतील अशी भीती असते. आणि कधी, याची नोंद विद्यार्थी जवळजवळ करतच नाहीत, बोलायला जागाच दिली गेलेली नसते. या चारही कारणांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, आणि पहिल्या कारणावर तर उपाय म्हणजे केवळ अभ्यास आहे. त्याला न्यूनगंडाचे नाव देऊन स्वतःला छळण्याची गरज नाही.

मानसशास्त्रात येथे एक उपयुक्त भेद केला जातो. स्वतःच्या एकूण योग्यतेबद्दल माणसाला काय वाटते, हा आत्मसन्मानाचा भाग झाला. मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये त्यासाठी दहा विधानांची एक मोजपट्टी मांडली आणि ती आजही वापरली जाते. अमुक एक काम आपल्याला जमेल की नाही याबद्दलचा विश्वास ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ पासून तिच्याबद्दल सविस्तर लिहिले. त्यांच्या मांडणीनुसार हा दुसरा विश्वास सर्वांत जास्त बळावतो तो ते काम प्रत्यक्ष करून पार पाडल्याने. दुसऱ्याने दिलेल्या धीराचा परिणाम त्यामानाने कमी. आपल्या कामाचा अर्थ असा की "मी कसा आहे" हा प्रश्न सध्या बाजूला ठेवावा, कारण तो एका सेमिस्टरमध्ये सुटणारा नाही, आणि "सोमवारच्या बैठकीत सेन्सरबद्दल मला एक वाक्य बोलता येईल का" एवढ्याच प्रश्नाला हात घालावा. इंटरनेटवर मिळणाऱ्या आत्मसन्मानाच्या चाचण्या भरून गुण मोजत बसण्याच्या फंदात पडू नये. सीईटीच्या पर्सेंटाइलने आधीच जेवढे नुकसान केले आहे तेवढे पुरे आहे.

आपल्याजवळ काय आहे, जे इतरांजवळ नाही

गटाला आपली गरज कशासाठी आहे, हे कळल्याशिवाय बोलण्याचे धाडस होत नाही, आणि हे कळण्यासाठी एक जुना प्रयोग मदत करतो. गॅरल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोघांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गटाला एक उमेदवार निवडायचा होता आणि गटातील प्रत्येकाला काही माहिती सामाईक आणि काही माहिती फक्त त्याच्यापुरती देण्यात आली होती. ती सगळी एकत्र आली असती तर सर्वांत योग्य उमेदवार सहज ओळखता आला असता. पण गटांच्या चर्चा सर्वांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टींकडे झुकल्या आणि एकेकट्याजवळची माहिती बऱ्याच अंशी तशीच राहिली. म्हणजे गप्प बसणाऱ्यामुळे गटाचे जे नुकसान होते, ते त्याच्या हुशारीच्या अभावामुळे होत नाही. त्याच्या खिशातील चिठ्ठी बाहेर न आल्यामुळे होते.

वर सांगितलेल्या ठिबकच्या गटात चौथ्या विद्यार्थ्याच्या खिशात किती चिठ्ठ्या होत्या ते पाहण्यासारखे आहे. काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात, आणि सेन्सरची काडी अशा भेगेत लोंबकळत राहिली तर मातीशी संपर्क सुटून खोटे "कोरडे" रीडिंग येते, हे त्याला सांगता आले असते. कोडमध्ये कोणी तरी इंटरनेटवरून उचलून "ओलावा ४० टक्क्यांखाली गेला की पाणी सोडा" असे लिहिले होते. त्या स्वस्त सेन्सरकडून आर्डुइनो ऊनोला, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाला, मिळतो तो ० ते १०२३ मधला एक आकडा, आणि त्याची टक्केवारी आपणच ठरवायची असते, हे बोलणाऱ्या दोघांपैकी एकालाही सुचले नव्हते. ज्याला वाफसा, म्हणजे जमिनीतला योग्य तेवढा ओलावा, हाताने ओळखता येतो, मूठभर माती दाबून पाहिली की कळतो, तो विद्यार्थी घरून दोन पिशव्या माती आणून, एक पूर्ण वाळलेली आणि एक वाफशावर असलेली, दोन्हींची रीडिंग घेऊ शकला असता आणि प्रोजेक्टचा सगळ्यात अडचणीचा आकडा तासाभरात मिळाला असता. मोटरच्या पेटीत बसवलेला ऑटोस्विच लाइट आल्याबरोबर मोटर चालू करतो, आणि सगळ्यांच्या मोटरी एकदम सुरू होऊन रोहित्रावर भार येतो म्हणून महावितरण ते काढून कॅपॅसिटर बसवायला सांगत असते, हेही त्याला माहीत होते. यातले एकही ज्ञान इंग्रजीत नव्हते, एवढाच त्याचा दोष.

तेव्हा पहिले काम म्हणजे वहीचे एक पान घेऊन प्रोजेक्टचा विषय वर लिहावा आणि त्याखाली आपल्याला घर, गाव, आधीचे शिक्षण, सुट्टीतील काम, एखादे दुकान किंवा वर्कशॉप यांतून जे जे ठाऊक आहे ते लिहावे. डिप्लोमा करून आलेल्यांना एम-थ्रीने, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरने, दुसऱ्या वर्षी जेरीस आणलेले असते, त्यामुळे आपल्याला काहीच येत नाही अशी त्यांची समजूत होऊन बसते. पण सोल्डरिंग, लेथ आणि मल्टिमीटर यांवर हात बसलेला असतो तो बहुधा त्यांचाच. वाणिज्य किंवा कला शाखेच्या गटातही हेच लागू पडते. ग्राहकांच्या सर्वेक्षणावर प्रोजेक्ट करणाऱ्या गटात जिच्या वडिलांचे किराणा दुकान आहे, तिला उधारीची वही म्हणजे काय हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा चांगले माहीत असते.

आदल्या रात्री एकच वाक्य

बैठकीला जाताना "आज मी बोलणार" असा मोघम संकल्प करून जाऊ नये. तो पहिल्याच मोठ्या आवाजापुढे विरघळतो. त्याऐवजी आदल्या रात्री एक वाक्य, शब्दशः, लिहून ठेवावे. सुरुवातीच्या आठवड्यांत हे वाक्य मताचे नसावे, माहितीचे असावे. "मला ही कल्पना आवडली नाही" यावर वाद होऊ शकतो, पण "मी काल रेझिस्टिव्ह सेन्सर दोन दिवस ओल्या मातीत ठेवून पाहिला, त्याच्या पट्ट्या गंजायला लागल्या आहेत, आपण कपॅसिटिव्ह घेऊया का?" यावर कोणी हसू शकत नाही, कारण त्यात तुमची बुद्धी पणाला लागलेली नाही, पट्ट्या गंजल्या आहेत. सोबत तो गंजलेला सेन्सर नेता आला तर आणखी चांगले. हातात वस्तू असली की बोलणाऱ्याकडे पाहणारे त्या वस्तूकडे पाहतात, आणि लाजाळू माणसाला तेवढा आडोसा पुरतो.

प्रश्न विचारणे हेही बोलणेच आहे, परंतु येथे एक सवय मोडावी लागते. आत्मविश्वास कमी असलेले विद्यार्थी प्रश्नाच्या आधी क्षमा मागतात: "माझा प्रश्न कदाचित मूर्खपणाचा असेल, पण...", "मला यातले फारसे कळत नाही, तरी...". या पायघड्या काढून टाकाव्यात. त्या विनयाने घातलेल्या असतात हे खरे, पण ऐकणाऱ्याला त्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करण्याची परवानगी देतात. "रिले बंद पडला तर व्हॉल्व्ह उघडा राहील की बंद?" हा प्रश्न जसाच्या तसा विचारला तर पुरेसा सभ्य आहे.

पहिली दहा मिनिटे

लिहून आणलेले वाक्य पहिल्या दहा मिनिटांतच बोलून टाकावे. "योग्य वेळ आली की बोलू" असे ठरवणाऱ्याची वेळ येत नाही, कारण जितका वेळ गप्प बसावे तितके पुढचे पहिले वाक्य जड होत जाते. अर्ध्या तासाच्या शांततेनंतर तोंड उघडले की सगळे वळून पाहतात आणि साध्या वाक्यालाही मोठ्या घोषणेचे वजन येते. सुरुवातीला, चहा येईपर्यंतच्या गडबडीत, तेच वाक्य सहज निघून जाते.

बसण्याची जागाही विचार करून निवडावी. चार जण आणि एक लॅपटॉप असा प्रकार असेल तर ज्याला पडदा दिसत नाही त्याचा चर्चेतला सहभाग तिथेच संपतो. म्हणून पाच मिनिटे आधी पोचून लॅपटॉपशेजारची खुर्ची धरावी. हा सल्ला फार किरकोळ वाटेल, परंतु मागच्या बाकावरून वाकून वाकून पाहणारा विद्यार्थी सेमिस्टरअखेर प्रोजेक्टच्याही मागच्या बाकावर गेलेला मी पाहिला आहे.

सर्वांत उपयोगी युक्ती मात्र नोंदी ठेवण्याची आहे. पहिल्या बैठकीतच "काय काय ठरले ते मी लिहून ठेवते आणि ग्रुपवर टाकते" असे सांगावे. याला कोणीही विरोध करत नाही, कारण हे काम कोणालाच नको असते. पण त्यामुळे पुढच्या बैठकीची सुरुवात आपोआप तुमच्या आवाजाने होते: "मागच्या वेळी तीन गोष्टी ठरल्या होत्या. त्यांतली व्हॉल्व्हची ऑर्डर अजून गेलेली नाही." शिवाय नोंदी लिहिणाऱ्याला "थांबा, हे नीट लिहून घेऊ दे, म्हणजे नक्की काय ठरले?" असे म्हणून कोणालाही मध्येच थांबवण्याचा अधिकार मिळतो. न बोलणाऱ्याला असा अधिकार दुसऱ्या कोणत्याही मार्गाने इतक्या स्वस्तात मिळत नाही.

मध्येच तोडले, किंवा आपलाच मुद्दा दुसऱ्याने मांडला

वाक्य अर्धवट तोडले गेले तर बहुतेक जण ते गिळून टाकतात. ते गिळू नये आणि भांडूही नये. आवाज न वाढवता, तोडणाऱ्याचे बोलणे संपताच, "माझे वाक्य अर्धे राहिले, ते पूर्ण करतो" असे म्हणून तेथूनच पुढे सुरू करावे. नाव घेऊन बोलल्याने आणखी फरक पडतो. "अरे, एक मिनिट" यापेक्षा नावाने हाक मारून "एक मिनिट" म्हटले तर माणूस थांबतो.

मुद्दा तुम्ही मांडावा, त्याकडे कोणी लक्ष देऊ नये आणि पाच मिनिटांनी तोच मुद्दा गटातल्या चढ्या आवाजाच्या मुलाने मांडल्यावर सर्वांनी "भारी आयडिया" म्हणावे, हा अनुभव मुलींना विशेष परिचयाचा आहे. अशा वेळी रुसून बसण्यापेक्षा त्या मुद्द्याला पुढचा धागा जोडावा: "हो, मघाशी मी हेच म्हणत होते, आणि त्यात अजून एक अडचण अशी आहे की..." मालकीही सांगितली जाते आणि चर्चाही पुढे सरकते.

याहूनही खात्रीचा उपाय म्हणजे गटातला एक जण आधीच विश्वासात घेणे. सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रसिद्ध प्रयोगात रेषांची लांबी ओळखण्याचे अगदी सोपे काम होते, तरी बाकीचे सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत असताना सहभागी व्यक्तींनी सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या सुरात सूर मिसळला. मात्र गटात एक जरी माणूस खरे उत्तर देणारा ठेवला, तरी हे प्रमाण एकदम खाली आले. चौघांच्या गटात तो एक माणूस म्हणजे बहुधा मान डोलावणारा तिसरा. बैठकीच्या आधी कॅन्टीनमध्ये त्याला गाठून "मी आज लाइटच्या वेळापत्रकाचा मुद्दा काढणार आहे, तुला बरोबर वाटला तर तेवढे म्हण" असे सांगावे. त्याची तुमच्याशी मैत्री असण्याची गरज नाही. पुष्कळदा असे निघते की त्यालाही तेच वाटत होते आणि तोही तुमचीच वाट पाहत होता.

बोलण्याआधी लिहिणे

ज्या गटात सगळे एकदम बोलतात तिथे हळू विचार करणाऱ्याचे हाल होतात, आणि यात दोष त्या माणसाचा कमी आणि पद्धतीचा जास्त असतो. मायकल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसे वेगवेगळी बसली तर एकूण कल्पना जास्त निघतात, आणि याचे एक मोठे कारण म्हणजे एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते व थांबता थांबता सुचलेले निसटते. म्हणून विषय निवडताना किंवा अडचण सोडवताना "पाच मिनिटे सगळ्यांनी आपापल्या कागदावर लिहू, मग एकेक करून वाचू" असा प्रस्ताव मांडावा. तो स्वतःच्या सोयीसाठी मांडतो आहोत असे सांगण्याची गरज नाही. त्याने वेळ वाचतो, हे कारण पुरेसे आहे आणि खरेही आहे.

व्हॉट्सॲप ग्रुप हेही एक साधन आहे, परंतु दुधारी. ज्याला तोंडाने बोलणे जड जाते त्याने बैठकीच्या आदल्या दिवशी आपला मुद्दा तिथे तीन-चार ओळींत टाकावा, शक्यतो फोटो किंवा रीडिंगसह, म्हणजे बैठकीत "मी काल टाकले होते त्यावर बोलूया" एवढेच म्हणावे लागते. पण रात्री अकरानंतर टाकलेला लांबलचक खुलासा, त्यावर निळ्या खुणा दिसूनही न आलेले उत्तर आणि त्यामुळे सकाळपर्यंत उडालेली झोप, हा प्रकार टाळावा. उत्तर न येण्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की सगळे दुसऱ्या दिवशीच्या सबमिशनचे जर्नल उतरवत होते.

इंग्रजीचा अडसर

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या मौनाचे सर्वांत मोठे कारण बहुधा हेच असते, आणि त्याला न्यूनगंड म्हणून मोकळे होणे हा त्याच्यावर अन्याय आहे. परक्या भाषेत विचार जुळवायला जास्त वेळ लागतो, ही साधी गोष्ट आहे. गटातील सर्वांना मराठी येत असेल तर चर्चा मराठीत आणि संज्ञा इंग्रजीत, असे सरळ ठरवून घ्यावे; एखादा हिंदी किंवा अन्य भाषक असेल तर मिसळीची भाषा आपोआप तयार होते. २०२१-२२ या शैक्षणिक वर्षापासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेने मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवण्यास मान्यता दिलेली आहे, तेव्हा मराठीत रिलेबद्दल बोलणे हा काही अपराध नव्हे.

इंग्रजी टाळून मात्र चालणार नाही, कारण रिपोर्ट आणि पीपीटी त्याच भाषेत जायचे असतात. यावर मला जमलेला उपाय असा: सगळी इंग्रजी सुधारण्याचा घाट घालू नये, आपल्या वाट्याच्या भागावर दहा वाक्ये तयार करावीत, ती मोठ्याने म्हणावीत आणि त्यांतच तरबेज व्हावे. कपॅसिटिव्ह सेन्सर का निवडला हे इंग्रजीत तीन वाक्यांत सांगता येणाऱ्या विद्यार्थ्याला हवामानावर इंग्रजीत गप्पा मारता आल्या नाहीत तरी परीक्षेत काही अडत नाही.

"रिपोर्ट तू लिही, तुझे अक्षर छान आहे"

नोंदी ठेवण्याचा सल्ला मी वर दिला आहे, म्हणून त्यातला सापळाही सांगितला पाहिजे. स्वतःला कमी लेखणारा विद्यार्थी गटात आपली जागा राखण्यासाठी कोणतेही काम अंगावर घेतो: टायपिंग, मार्जिन नीट करणे, ब्लॅक बुकचे (छापील प्रोजेक्ट रिपोर्टचे) बाइंडिंग, झेरॉक्सच्या दुकानातली रांग. गटात मुलगी एकटी असेल तर ही कामे तिच्याकडे जणू जन्मतःच आलेली असतात. ही कामे प्रोजेक्टला लागतात, पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्यांच्याबद्दल एकही प्रश्न येत नाही.

अशा वेळी थेट नकार देणे जमत नसेल तर अदलाबदल मागावी. "रिपोर्टची दोन प्रकरणे मी लिहीन, टेस्टिंगची रीडिंगही मीच घेईन, म्हणजे तक्ता भरताना मला कोणाला विचारायला नको." या वाक्यात नकार कुठेही नाही, पण तांत्रिक कामाचा एक तुकडा तुमच्याकडे येतो. कामांची वाटणी झाली की ती नावांसह ग्रुपवर लिहावी. कोणाचे काम कोणते हे दिसत नसेल तर माणसे गटात हात आखडता घेतात, हे दोरी ओढण्याच्या आणि टाळ्या वाजवण्याच्या प्रयोगांतून फार पूर्वी दिसून आलेले आहे. आणि त्या आखडत्या हाताचा भार जो "नाही" म्हणू शकत नाही त्याच्यावर येऊन पडतो.

चूक झाली तर

कधी तरी बोललेले चुकेल, कोणी हसेलही. त्या रात्री तो प्रसंग डोक्यात पुन्हा पुन्हा फिरेल. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र छापलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. घालणाऱ्यांना वाटले की जवळजवळ निम्म्या लोकांनी तो पाहिला असेल. प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांनाच चित्र कोणाचे ते सांगता आले. तुमच्या चुकीचेही साधारण असेच आहे. तरीही मनाचे समाधान होत नसेल तर दुसऱ्या दिवशी "काल मी व्होल्टेज चुकीचे सांगितले, ते १२ आहे" असा एक संदेश टाकून विषय बंद करावा. चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्याचे पुढचे म्हणणे लोक जास्त गंभीरपणे घेतात, असा माझा अनुभव आहे.

दोष गटाचाच असेल तर

आतापर्यंतचा सगळा सल्ला गट साधारण भला आहे असे धरून दिला आहे. काही गट तसे नसतात. "कोणत्या कॅटेगरीतून ॲडमिशन?", "पर्सेंटाइल किती होता?" असे प्रश्न पुन्हा पुन्हा, तेही इतरांसमोर, विचारले जात असतील, उच्चारांची नक्कल होत असेल, मुलीच्या दिसण्यावर शेरे मारले जात असतील, तर ती तुमच्या आत्मविश्वासाची समस्या नाही आणि एक वाक्य लिहून नेल्याने ती सुटणारही नाही. तारीख आणि शब्द लिहून ठेवावेत, संदेशांचे स्क्रीनशॉट ठेवावेत आणि गाइडला एकट्याने भेटून गट बदलण्याची मागणी करावी. गाइडने टोलवले तर विभागप्रमुख, महाविद्यालयाचा समान संधी कक्ष किंवा लैंगिक छळाच्या बाबतीत अंतर्गत तक्रार समिती हे पुढचे मार्ग आहेत. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

आणि गटाबाहेरही, घरी, मेसमध्ये, सुट्टीतसुद्धा, आपण कशाच्याच लायकीचे नाही असे आठवडेच्या आठवडे वाटत असेल, झोप आणि जेवण बिघडले असेल, तर हा विषय प्रोजेक्टचा राहिलेला नाही. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, विनामूल्य आहे आणि तेथे मराठीत बोलता येते.

व्हायवाच्या दिवशी

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, जवळजवळ हमखास विचारतात तो प्रश्न म्हणजे "यात तुमचे काम कोणते?" गप्प राहण्याची सवय असलेला विद्यार्थी येथे "आम्ही सगळ्यांनी मिळून केले" असे उत्तर देतो आणि महिनाभराचे स्वतःचे काम दोन बोलणाऱ्या मित्रांना वाटून टाकतो. हे उत्तर आधी घरी तयार करून ठेवावे आणि ते "मी" या शब्दाने सुरू करावे: "मी दोन प्रकारच्या मातीत सेन्सरची रीडिंग घेतली आणि पाणी सोडण्याची मर्यादा त्यावरून ठरवली." इंग्रजीत सुरुवात करून अडखळायला झाले तर "सर, पुढचे मराठीत सांगू का?" असे विचारायला हरकत नाही, मी पाहिलेल्या बहुतेक परीक्षकांनी होकारच दिला आहे. उत्तर झाले की थांबावे, इतरांच्या वाट्यात शिरू नये. भेगाळलेल्या जमिनीत काडी किती खोल घातली आणि का, हा पुढचा प्रश्न येण्याची शक्यता मोठी आहे, तेव्हा खोलीचा तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.